आधी दगड, मग नाणं, मग लेणं : सिन्नर ते अंजनेरी, संग्रहालयांची निवांत सफर

सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत कारखान्यांच्या रांगेत ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. दोन्हींना जोडणाऱ्या लांबच्या वाटेवर सह्याद्रीची रांग सोबत असते. नाशिकला येणारे बहुतेक जण देवदर्शन, द्राक्षमळे नाहीतर किल्ले यांत वेळ घालवतात आणि या दोन्ही फाट्यांवरून सरळ पुढे निघून जातात. मला ते फार खटकतं. इथे काचेआड ठेवलेलं पुष्कळसं याच मुलखाशी बांधलेलं आहे, आणि संग्रहालय पाहून बाहेर पडलात की तासाभरात तेच तुम्हाला कड्यात, देवळात किंवा लेण्याच्या भिंतीवर सापडतं.

संग्रहालयं पाहायला मुद्दाम गाडी काढून कधीच निघाला नसाल, तर सुरुवात इथून करा. पूर्ण फेरी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरची आहे. एका दिवसातही रेटता येते, पण दोन मुक्काम ठेवा.

कधी निघायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरं. पावसाळ्यात हा भाग हिरवागार असतो, पण घोटी आणि त्र्यंबक पट्ट्यात धुकं इतकं उतरतं की समोरचा डोंगरच दिसत नाही, आणि आपल्याला डोंगर दिसायला हवा. मार्च-एप्रिलमध्ये जायचं तर बाहेरच्या जागा सकाळी आणि संग्रहालय दुपारी, असा क्रम लावा.

त्र्यंबकची गर्दी टाळणं महत्त्वाचं. श्रावणी सोमवार, त्यातही तिसरा सोमवार, म्हणजे ब्रह्मगिरीची फेरी. त्या दिवशी गाडी आत नेण्याचा विचारही करू नका. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला राज्यभरातून दिंड्या येतात. ऑक्टोबर २०२६ ते जुलै २०२८ हा सिंहस्थाचा काळ आहे, तेव्हा निघण्याआधी रस्ते कुठे वळवलेत याची चौकशी करा. आठवड्याचे मधले दिवस मिळाले तर सोनं.

निघण्याआधी दोन फोन

छोट्या गावांतल्या संग्रहालयांचे दिवस आणि वेळा बदलत असतात. सुट्टी सोमवारी असेल, स्थानिक सणाला असेल, कधी एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असेल. आदल्या दिवशी दोन्हीकडे फोन करून तीन गोष्टी विचारा: उद्या उघडं आहे का, शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि माहिती सांगायला कोणी असेल का. तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. लहान संग्रहालयात कुणी आस्थेनं विचारलं तर सांगणारा माणूस कपाटापाशी उभा राहून मनापासून सांगतो. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात हे सुख सहसा मिळत नाही.

सामान थोडंच लागतं: दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, मोबाइलपेक्षा बरा उजेड देणारी एक विजेरी (लेण्यांसाठी), वही-पेन्सिल, सुटे पैसे, पाणी, टोपी, पकड चांगली असलेले बूट. फोटोची परवानगी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. दारातच विचारून घ्या, आणि परवानगी असली तरी फ्लॅश नको.

पहिला दिवस : सिन्नर

पुण्याहून येणाऱ्यांना सिन्नर नाशिकच्या आधीच लागतं. मुंबईकरांनी घोटीहून सिन्नरकडे वळावं किंवा समृद्धी महामार्गानं यावं. दुचाकीला मात्र समृद्धीवर मनाई आहे. नाशिकहून सिन्नर तीसेक किलोमीटर.

सकाळी थेट गारगोटीत जा. नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी जमवलेल्या संग्रहातून हे संग्रहालय २००१ मध्ये उभं राहिलं. आत शिरल्यावर रंगांनी डोळे दिपतात आणि नवखा माणूस ‘किती सुंदर’ म्हणत वीस मिनिटांत बाहेर येतो. तसं होऊ नये म्हणून आधी एवढं समजून घ्या.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. आज आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो हाच बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर येतात आणि प्रवाहाच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं गरम पाणी खडकातून झिरपत राहिलं. त्यात विरघळलेलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम या पोकळ्यांच्या भिंतींवर साचत गेलं आणि त्याचे स्फटिक झाले. पोकळी मोठी आणि वेळ भरपूर, म्हणून स्फटिकही मोठे आणि रेखीव. झिओलाइट गटाच्या खनिजांसाठी दख्खनचं पठार जगभर नावाजलेलं आहे ते यामुळे. विहिरी खोदताना, खाणीत सुरुंग लावताना या पोकळ्या उघड्या पडतात.

आता दालनात सगळं पाहण्याच्या मागे न लागता चार-पाच खनिजं पक्की ओळखायला शिका. स्टिलबाइट फिक्या केशरी रंगाचं, पुष्कळदा मधे आवळलेल्या गवताच्या पेंढीसारखं दिसतं. अपोफिलाइट काचेसारखं स्वच्छ, चौकोनी अंगाचं. त्याचा हिरवा प्रकार फार मागणीचा, आणि तो नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या खाणींतूनही निघालेला आहे. स्कोलेसाइट म्हणजे एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया. ओकेनाइट पांढरंशुभ्र आणि इतकं मऊ दिसतं की हात लावावासा वाटतो, पण बोट लागलं की त्याचे तंतू कायमचे दबतात. आणि निळंभोर कॅव्हानसाइट, ज्याचे उत्तम नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आले.

प्रत्येक नमुन्याशेजारी गावाचं नाव आहे का ते पाहा. कुठल्या गावाजवळ, कुठल्या खाणीत सापडला हे ठाऊक असेल तरच नमुना अभ्यासाच्या कामाचा. विकत घेतानाही हाच नियम पाळा: नाव आणि ठिकाण लिहून मागा. भडक जांभळे, गुलाबी, पोपटी खडे पुष्कळदा रंगवलेले असतात. दीड-दोन तास इथे सहज जातात. मुलं बरोबर असतील तर त्यांना एकच काम द्या: आवडलेल्या एका स्फटिकाचं चित्र वहीत काढायचं आणि त्याला कडा किती ते मोजायचं. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही.

जेवून, थोडी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास गावातल्या गोंदेश्वराला जा. यादवांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या आसपासचं हे पंचायतन मंदिर: मधे महादेव, भोवती विष्णू, पार्वती, गणपती आणि सूर्य यांची छोटी देवळं. शिखर भूमिज शैलीचं, म्हणजे लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी वर चढत गेलेल्या. देवगिरीला जाण्याआधी यादवांचं ठाणं सिन्नरला होतं. पण आज देऊळ पाहताना मूर्तींच्या आधी दगड पाहा. सकाळच्या दालनातली सगळी संपत्ती ज्या खडकाच्या पोकळ्यांत जन्मली, तोच हा खडक. काही चिऱ्यांवर बारीक छिद्रं आणि त्यांत भरलेले पांढरे ठिपके दिसतील, भिंग लावा. उतरत्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, म्हणून चारची वेळ सांगितली. उरलेल्या वेळात गावातलं ऐश्वर्येश्वराचं जुनं देऊळ पाहा. त्याचं मकरतोरण चुकवू नका.

मुक्काम सिन्नरलाच करा. एमआयडीसीमुळे आणि शिर्डी रस्त्यामुळे साधी, स्वच्छ हॉटेलं मिळतात.

दुसरा दिवस : डोंगराच्या कडेकडेनं

आजचा दिवस रस्त्याचा. सिन्नर-घोटी रस्ता धरा. पेट्रोल सिन्नरलाच भरा. सकाळी लवकर निघालात तर डाव्या हाताला औंढा आणि पट्टा हे किल्ले स्वच्छ दिसतात. १६७९ मध्ये जालन्याची स्वारी करून परतताना शिवाजी महाराज पट्ट्यावर विसावले, म्हणून त्याचं दुसरं नाव विश्रामगड. पुढे कळसूबाईची रांग येते. १,६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर. आज चढायचं नाही, पाहायचं. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे का दिसतात ते आता तुम्हाला कळेल: एकेक पायरी म्हणजे साधारणपणे लाव्हाचा एकेक प्रवाह. कठीण थर कडा बनून उभा राहतो, ठिसूळ थर झिजून उताराची माची होते. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे दोन काळ्या थरांमध्ये एखादा तांबडा पट्टा दिसला तर ओळखा: दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, पुढच्या लाव्हानं भाजून निघालेली. गाडी मात्र वळणावर थांबवू नका. रुंद जागा पाहून उभी करा आणि चालत मागे या. कड्याच्या अगदी खाली उभं राहू नका, दगड सुटतात.

पांढुर्लीहून भगूरला जाणारा फाटा आहे. तिथे विनायक दामोदर सावरकरांचा जन्मवाडा (जन्म २८ मे १८८३) स्मारक म्हणून जपला आहे. तास-दीड तासाचं वळण. इतिहासात रस असेल तर जाच, नसेल तर सरळ घोटी गाठा. जुन्या वाड्याची रचना आतून पाहायची संधी म्हणूनही तो मला आवडतो.

घोटी ही भाताची बाजारपेठ. परत जाताना इंद्रायणी तांदूळ घ्यायचा तर इथूनच घ्या. दुपारचं जेवणही इथेच उरका, कारण पुढच्या रस्त्यावर भरवशाची हॉटेलं कमी आहेत. घोटीहून अप्पर वैतरणेच्या परिसरातून पहिनेमार्गे त्र्यंबकला जाणारा रस्ता या सफरीतला सगळ्यांत देखणा टप्पा. रस्ता अरुंद, गुरं आणि शाळेतून सुटलेली मुलं मधे येणार, म्हणून वेग कमीच ठेवा आणि अंधाराआधी त्र्यंबकला पोचा.

त्र्यंबकला संध्याकाळी कुशावर्त कुंडावर जा. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेलं त्र्यंबकेश्वराचं देऊळ पुरं व्हायला १७५५ ते १७८६ अशी एकतीस वर्षं लागली. तेही काळ्या पाषाणाचंच. दादासाहेब फाळके याच गावात १८७० मध्ये जन्मले. हे लक्षात ठेवा, उद्या उपयोगी पडेल.

तिसरा दिवस : अंजनेरी आणि नाणी

त्र्यंबकहून नाशिककडे निघालं की सात-आठ किलोमीटरवर अंजनेरी. डोंगर सुमारे तेराशे मीटर उंच. वर अंजनीमातेचं देऊळ आहे आणि दगडी पायऱ्यांची वाट. चढउताराला निम्मा दिवस धरा. चढणार असाल तर सहा-सातला सुरुवात करा, दुपारच्या उन्हात नको. माकडांसमोर खाऊ बाहेर काढू नका. वरच्या पठारावर २००६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही अतिशय दुर्मिळ वनस्पती वाढते, तेव्हा पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही, फुलं तोडायची नाहीत. गुडघे कुरकुरत असतील तर चढाई सोडा, या सफरीचा आत्मा पायथ्याशीच आहे.

पायथ्याच्या गावात यादवकालीन देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, त्यात जैन देवळं बरीच. एका जैन देवळातल्या शके १०६३ (इ.स. ११४१-४२) च्या शिलालेखात चंद्रप्रभ या तीर्थंकरांच्या मंदिराला दुकानं दान दिल्याची नोंद आहे. दान म्हणून दुकानं दिली जातात, म्हणजे इथे चालती बाजारपेठ होती. त्याच्याही आधीचे, इ.स. ७१०च्या सुमाराचे भोगशक्ती राजाचे ताम्रपट अंजनेरीतच सापडले आणि त्यांत कृष्णराजाच्या रुप्याच्या नाण्यांचा, ‘कृष्णराज रूपकां’चा उल्लेख आहे. तो कलचुरी कृष्णराज त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधीचा! राजा जाऊन पिढ्या उलटल्या तरी त्याचं चांदीचं नाणं या डोंगराखालच्या व्यवहारात चालत होतं. एवढं मनात ठेवून नाण्यांच्या संग्रहालयात शिरा.

भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० मध्ये सुरू झाली, नाणकशास्त्रज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक. संग्रहालयात नाणी, त्यांच्या प्रतिकृती, छायाचित्रं आणि माहितीफलक यांतून भारतातल्या चलनाची गोष्ट सांगितली आहे. नाणी पाहण्याची सवय नसेल तर चकत्या बघून पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. त्यावर उपाय हा: प्रत्येक नाण्याला तीन प्रश्न विचारा. धातू कोणता? ठसा कसा उमटवलाय? लिपी कोणती, किती?

आहत नाणी सर्वांत जुनी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे आणि वेगवेगळे ठसे ठोकायचे. म्हणून त्यांचा आकार वेडावाकडा, पण वजन नेमकं. सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूची नाणी: हत्ती, उज्जैन चिन्ह (अधिकची खूण आणि तिच्या टोकांना चार वर्तुळं), ब्राह्मी अक्षरं. पश्चिम भारतातल्या क्षत्रप (शक) राजांची चांदीची नाणी जेमतेम नखाएवढी, पण त्यांवर राजाचा चेहरा असतो. त्यांच्यातल्या नहपान राजाच्या नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. नाणं किती दूरच्या माणसांच्या हातात जायचं याचा अंदाज त्यावरून करा.

सर्वांत जास्त वेळ नहपानापाशी द्या. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमावरच्या जोगलटेंभीला त्याच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला: तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नव्या ठशाखालून हरलेल्या राजाचं नाक, हनुवटी, एखादं अक्षर डोकावत राहतं. अशा नाण्याचं चित्र किंवा प्रतिकृती दिसली की भिंग काढा आणि जुना चेहरा शोधा. युद्ध कोणी जिंकलं हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण ते डोळ्यांनी दिसतं ते इथे.

माहिती सांगणारे कोणी भेटले तर शिवराई, होन आणि चांदवडच्या टांकसाळीबद्दलही विचारा. घरात आजीच्या डब्यात पडलेली जुनी नाणी असतील तर त्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन घेऊन जा. नाणी चिंच किंवा ब्रासो लावून घासू नका; जुनं नाणं चकचकीत केलं की त्याची किंमत आणि माहिती दोन्ही जातात.

शेवटचा टप्पा : पांडवलेणी

दुपारी नाशिक गाठा आणि मुंबई रस्त्यावरच्या पांडवलेणीला तीन-साडेतीनपर्यंत पोचा. पायथ्याशी फाळके स्मारक आहे. काल ज्यांचं जन्मगाव पाहिलं, त्यांनी १९१३ मध्ये देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आणला. वेळ कमी असेल तर स्मारक सोडा, लेणी सोडू नका. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण सोप्या. ज्येष्ठांनी थांबत थांबत चढावं. लेणी चोवीस आहेत. सगळी पाहायची गरज नाही, दोन पुरे.

लेणं क्रमांक दहा आधी. हे नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं दान. इथल्या शिलालेखात हिशेब कोरलेला आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दोन हजार कार्षापण (त्या काळची चांदीची नाणी) ठेव ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून कपड्यांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. गुणाकार करून पाहा: वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बाराही दोनशे चाळीस. दुसऱ्या श्रेणीकडे हजार, शेकडा पाऊण दरानं. दुसऱ्या एका दानात सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब सोन्याच्या नाण्यांत, पस्तीसाला एक ‘सुवर्ण’ या दरानं दिला आहे. सकाळी पाहिलेली नखाएवढी चांदी इथे ठेव, व्याज आणि विनिमयाचा दर होऊन भिंतीवर उभी आहे.

मग क्रमांक तीन. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनं नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरवलेला लेख इथे आहे. त्यात मुलाचं वर्णन ‘खखरात’ म्हणजे क्षहरात वंश निःशेष करणारा असं येतं. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. विजेरीचा उजेड भिंतीला समांतर, बाजूनं टाका, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. भिंतीला हात टेकवू नका, खडूनं अक्षरं गिरवू नका. आणि छताकडे, खांबांच्या तळाशी पाहा: सिन्नरला ओळखायला शिकलेले पांढरे ठिपके या खडकातही आहेत.

एकच दिवस हाताशी असेल तर गोंदेश्वर, दुसऱ्या दिवसाचा रस्ता आणि अंजनेरीची चढाई गाळा: सकाळी गारगोटी, दुपारी अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, चारला पांडवलेणी. दोन दिवस असतील तर गोंदेश्वर आणि सिन्नर-घोटी-त्र्यंबक रस्ता परत घ्या. मुंबईकरांना लेण्यांपासून महामार्ग लगेच मिळतो. अंधार पडायच्या आत कसारा घाट उतरायचा असेल तर साडेपाचपर्यंत थांबू नका, बरंच आधी गाडी सुरू करा.